आधी नावं लिहून घ्या, स्कॅनरचं नंतर पाहू

गेल्या अंकात या सदरात मी विचारलं होतं: ज्या समाजांचा इतिहास सरकारी दप्तरात आणि पाठ्यपुस्तकांत फारसा आलाच नाही, त्यांची कागदपत्रं जपायला पैसा कुठून आणायचा, याबद्दल तुम्हाला काय अडतं? उत्तरादाखल आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेते. बहुतेकांनी नाव छापू नका असं कळवलं, म्हणून कुणाचंच छापलेलं नाही. माझ्याबद्दल एवढंच सांगते की नोकरी अभिलेखागारात गेली आणि निवृत्तीनंतर अनुदानाचे अर्ज तपासणाऱ्या समित्यांवर बसते. अर्ज लिहिलेही आहेत आणि नाकारलेही आहेत.

प्रश्न : आमची कष्टकरी बायकांची संघटना पन्नास वर्षांची झाली. सभांच्या इतिवृत्तांच्या वह्या, पावतीपुस्तकं, मोर्च्यांचे फोटो, पत्रकं असं सगळं दोन कपाटांत आणि एका ट्रंकेत आहे. एक चांगला स्कॅनर घेण्यासाठी अनुदान मिळेल का? कुठे अर्ज करावा?

मिळेल. पण ‘आम्हाला स्कॅनर हवा आहे’ अशा सुरुवातीचे अर्ज मी इतके वाचले आहेत की आता ती ओळ दिसली की चष्मा काढून ठेवावासा वाटतो. स्कॅनर भाड्याने मिळतो, उसना मिळतो, एखाद्या ग्रंथालयात जाऊन वापरता येतो. तुमच्या फोटोंतल्या बायकांची नावं ज्यांना माहीत आहेत त्या मात्र आज सत्तरी-ऐंशीच्या असतील. पहिला पैसा तिकडे जायला हवा.

आधी ‘कुठे’चं उत्तर देते, कारण तिथेच बरेच जण चुकीचं दार ठोठावतात. ब्रिटिश लायब्ररीचा ‘एंडेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम’ २००४ पासून चालू आहे. त्याला पैसा आर्केडिया या दानसंस्थेचा, आणि तो साधारणपणे विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीच्या कागदपत्रांसाठी. म्हणजे तुमच्या पन्नास वर्षांच्या वह्या तिथे बसत नाहीत, कितीही मोलाच्या असल्या तरी. त्याच आर्केडियाच्या पैशातून लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २०१८ मध्ये ‘मॉडर्न एंडेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम’ सुरू केला. तो विसाव्या आणि एकविसाव्या शतकातल्या साहित्यासाठी आहे, त्यात फोटो, पत्रकं, ध्वनिफिती सगळं येतं. तिथे दोन पायऱ्या आहेत. नियोजनासाठी १५,००० डॉलरपर्यंत, आणि पूर्ण प्रकल्पासाठी ५०,००० डॉलरपर्यंत. रकमा आणि अटी दर फेरीला बदलू शकतात, तेव्हा अर्जाच्या वर्षीची नियमावली वाचा. तुम्ही नियोजनाच्या पायरीपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. दोन कपाटांत नेमकं काय आहे हे तुम्हालाच अजून ठाऊक नाही, हे पत्रावरून दिसतं. ते शोधायलाही पैसे मिळतात, हे पुष्कळांना माहीत नसतं.

अमेरिका-कॅनडातल्या वाचकांसाठी वेगळी दारं आहेत. ‘कौन्सिल ऑन लायब्ररी अँड इन्फर्मेशन रिसोर्सेस’ ही संस्था मेलन फाउंडेशन या दानसंस्थेच्या पैशातून लपलेल्या, म्हणजे कुठल्या सूचीत न आलेल्या, संग्रहांना अनुदान देत आली आहे. २००८ मध्ये हे काम सूची करण्यापासून सुरू झालं, २०१५ पासून डिजिटायझेशनकडे वळलं, आणि २०२१ पासून त्याचा रोखच ‘न ऐकलेले आवाज’ असा ठरवला गेला. त्या फेऱ्यांत रकमा ५०,००० ते ३,००,००० डॉलर अशा होत्या. शिवाय अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा १९३४ मध्ये स्थापन झालेला ऐतिहासिक कागदपत्रांचा आयोग आहे. कुठलाही परदेशी निधी घेणार असाल तर तुमच्या देशाच्या कायद्यात त्यासाठी नोंदणी लागते का, हे अर्ज लिहिण्याआधी हिशेबनिसाला विचारा. मंजूर झालेले पैसे घेता न आलेल्या संस्था मी पाहिल्या आहेत.

आता नावांकडे येते, कारण मला खरं तेच बोलायचं आहे.

१८९० च्या मार्च महिन्यात जेसी वॉल्टर फ्यूक्स नावाचा अभ्यासक एडिसनचं फोनोग्राफ यंत्र घेऊन अमेरिकेच्या मेन राज्यात गेला आणि तिथल्या पासामाक्वाडी या मूलनिवासी लोकांची गाणी आणि गोष्टी मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित केल्या. प्रत्यक्ष लोकांत जाऊन केलेलं ध्वनिमुद्रण म्हणून ते जगातल्या अगदी पहिल्यांपैकी मानलं जातं. ती नळकांडी आधी हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयात आणि पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये गेली. जपली गेली, यात शंका नाही. पण सूचीत त्यांच्यासमोर काय लिहिलं होतं? बाहेरून आलेल्या माणसाला जेवढं समजलं तेवढंच. सव्वाशे वर्षांनी आवाज नव्याने स्वच्छ करून घेतल्यावर समाजातले जाणते लोक ऐकायला बसले, एकेक शब्द उकलत गेले, आणि मग ग्रंथालयाच्या सूचीत पासामाक्वाडी भाषेतली शीर्षकं आली. कुठल्या गाण्याबद्दल काय पाळायचं, ते कुणी वापरायचं, हे सांगणारी समाजाची लेबलंही आली. या लोकांचं नशीब की भाषा जाणणारे सव्वाशे वर्षांनंतरही होते. तुमच्या मोर्च्याच्या फोटोतल्या तिसऱ्या रांगेतली, हात वर केलेली बाई कोण, हे सांगणाऱ्या कदाचित दोघीच उरल्या असतील.

तेव्हा अर्ज पाठवायच्या आधीच हे काम सुरू करा. फोटोंना क्रमांक द्या. क्रमांक पाकिटावर लिहा, फोटोच्या मागे बॉलपेन चालवू नका. जुन्या जाणत्या बायकांना दोघी-तिघींच्या गटात बसवा. एकटी असली की बाई म्हणते, ‘आठवत नाही’, आणि दुसरी शेजारी असली की भांडण होऊन आठवतं. ते भांडणही मुद्रित करा. फोनवरचं रेकॉर्डिंग चालतं, फक्त प्रत्येक फोटो हातात घेताना त्याचा क्रमांक मोठ्याने म्हणा, नाहीतर नंतर तासन्‌तास ऐकून ‘ही बघ, ही आपली ती’ एवढंच हाती लागतं. आणि अंदाजपत्रकात या बायकांचं मानधन आणि प्रवासखर्च लिहा. स्कॅनिंग करणाऱ्या तंत्रज्ञाला तासाचे पैसे आणि ज्यांच्या स्मरणावर सगळं उभं आहे त्यांना शाल-श्रीफळ, असे अर्ज सर्रास येतात. देणाऱ्या संस्था मानधन नाकारत नाहीत. मागणारेच संकोचतात.

आणि स्कॅनर घेतलात तरी त्याची किंमत हा खर्चाचा लहान भाग असतो. एक ए-फोर आकाराचं पान ४०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ४०० ठिपके), रंगीत, न दाबलेल्या टिफ फाइलमध्ये सुमारे ४६ एमबीचं होतं. वीस हजार पानं म्हणजे जवळजवळ एक टेराबाइट. त्याच्या तीन प्रती हव्यात, त्यातली एक दुसऱ्या गावी. दर चार-पाच वर्षांनी डिस्क बदलायच्या. ते कोण करणार, कुणाच्या पैशाने? हा प्रश्न प्रत्येक समितीत विचारला जातो, आणि ‘स्वयंसेवक करतील’ हे उत्तर पुरत नाही.

प्रश्न : अर्जात ‘तुमचा समाज अल्पप्रतिनिधित्व असलेला आहे हे स्पष्ट करा’ असं लिहिलं आहे. स्वतःची गरिबी आणि हाल किती सांगायचे? लिहिताना लाज वाटते.

अजिबात सांगू नका, निदान त्या सुरात नको. करुणा वाटली म्हणून कुणी गुण देत नाही, आणि दिले तर ते मला पटणार नाहीत. तिथे विचारलेलं असतं ते वेगळंच: तुमच्या माणसांचा मागमूस आज कुठे मिळतो, आणि तिथे तो कुणाच्या हातचा आहे?

एक-दोन दुपारी खर्च करा. जिल्ह्याचं दफ्तर, वर्तमानपत्रांच्या फायली, विद्यापीठाच्या ग्रंथालयाची सूची यांत तुमच्या समाजाचं, संघटनेचं नाव शोधा. बहुधा ते पोलिसांच्या अहवालात सापडेल, आजारांच्या साथीच्या नोंदीत सापडेल, धर्मप्रसारकांच्या पत्रात सापडेल, न्यायालयात आरोपी म्हणून सापडेल. मग तुमच्या कपाटातली वही शेजारी ठेवा. त्याच वर्षी, त्याच प्रसंगाबद्दल तुमच्या वहीत काय लिहिलंय? हे दोन उतारे एकाखाली एक दिले की पानभर विशेषणांची गरज उरत नाही.

माझ्या आठवणीतला सर्वांत चांगला अर्ज एका अगदी लहान संस्थेचा होता. इंग्रजी यथातथाच. त्यांनी नमुना म्हणून एकच पान जोडलं होतं, सभेच्या हजेरीचं. सह्यांच्या जागी अंगठे होते, आणि प्रत्येक अंगठ्याशेजारी कुणीतरी वेगवेगळ्या अक्षरात नाव लिहिलेलं. अर्जदारांनी शोधून काढलं होतं की ती अक्षरं त्या बायकांच्या शाळकरी मुलींची होती. आईने अंगठा द्यायचा, मुलीने नाव लिहायचं. खाली त्यातल्या नऊ मुलींची आजची नावं आणि त्यांच्याशी बोलणं झाल्याची नोंद. समितीत त्या अर्जावर चर्चा झालीच नाही, थेट रकमेवर बोलणं सुरू झालं. शेजारीच एका मोठ्या संस्थेचा चकचकीत अर्ज होता, तक्ते वगैरे होते, पण त्यातल्या एकाही कागदावर काय लिहिलंय हे शेवटपर्यंत कळत नव्हतं.

लाजेचं म्हणाल तर आर्तुरो शॉम्बर्ग यांचं उदाहरण घ्या. १८७४ मध्ये प्वेर्तो रिकोत जन्मलेला हा कृष्णवर्णीय माणूस न्यूयॉर्कमध्ये एका बँकेच्या टपाल विभागात नोकरी करत होता. काळ्या लोकांना इतिहास नाही, असं लहानपणी शिक्षकांकडून ऐकल्याची गोष्ट त्यांच्याबद्दल नेहमी सांगितली जाते. नोकरी सांभाळून त्यांनी पुस्तकं, हस्तलिखितं, चित्रं अशी हजारोंनी जमवली. १९२६ मध्ये कार्नेगी कॉर्पोरेशन या दानसंस्थेने दिलेल्या १०,००० डॉलरमधून न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने तो संग्रह हार्लेममधल्या शाखेसाठी विकत घेतला. कागद आले, पण माणूस तेव्हा आला नाही. शॉम्बर्ग त्या संग्रहाचे क्यूरेटर झाले ते १९३२ मध्ये, आणि १९३८ मध्ये वारले. १९२६ ते १९३२ ही सहा वर्षं ज्या माणसाला प्रत्येक पुस्तक कुठून, कुणाकडून आलं ते ठाऊक होतं, तो पगारी नोकर म्हणून त्या दालनात नव्हता. मी ही गोष्ट अर्जदारांना अंदाजपत्रक बघताना सांगते. वस्तूंच्या खात्यात किती आणि माणसांच्या खात्यात किती, एकदा बेरीज करून पाहा.

प्रश्न : एक मोठं विद्यापीठ म्हणतं, मूळ कागद आम्हाला द्या, आम्ही अनुदान मिळवून सगळं नीट ठेवू. आमच्यात दोन तट पडले आहेत. काय करावं?

देणं आणि ठेवायला देणं यातला फरक कागदावर आला आहे का, हे आधी बघा. दानपत्र केलंत की मालकी गेली. ठेव म्हणून दिलंत तर मालकी तुमची, सांभाळ त्यांचा. विद्यापीठं पहिलं मागतात, कारण दुसऱ्याच्या मालाची निगा राखायला त्यांच्या वित्त विभागाला आवडत नाही. तरी दुसरं मागून पाहण्यात काही बिघडत नाही.

तिसरी वाटही आहे. अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई लोकांचा इतिहास जमवणारं ‘साउथ एशियन अमेरिकन डिजिटल आर्काइव्ह’ २००८ मध्ये सुरू झालं. ते मूळ कागद ठेवूनच घेत नाहीत. स्कॅन करतात, वर्णन लिहितात आणि कागद घरच्यांना परत देतात. ब्रिटिश लायब्ररीच्या ज्या कार्यक्रमाचा वर उल्लेख केला त्याचीही अट आहे की मूळ कागद देशाबाहेर जायचे नाहीत, आणि डिजिटल प्रत स्थानिक संस्थेकडेही राहिली पाहिजे. ही अट किती शहाणपणाची होती ते ऑक्टोबर २०२३ मध्ये कळलं. ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला, तिच्या ऑनलाइन सेवा कोलमडल्या, आणि या कार्यक्रमातून जगभरात जमवलेल्या प्रतिमा कित्येक महिने कुणालाच संकेतस्थळावर बघता आल्या नाहीत. ज्यांनी आपल्याकडची प्रत जपली होती त्यांचं काम थांबलं नाही.

म्हणजे मोठ्या संस्थेवर विश्वास ठेवू नये असं मी म्हणत नाही. ट्रंकेतले कागद ओलसर भिंतीजवळ सडवण्यापेक्षा विद्यापीठ बरंच बरं. पण करारात चार गोष्टी मागा: संग्रहाला तुमच्या समाजाने ठरवलेलं नाव, सूचीतलं वर्णन छापण्याआधी तुमच्या माणसांनी वाचण्याचा हक्क, सगळ्या डिजिटल फायलींची पूर्ण प्रत तुम्हाला (लहान जेपेग नव्हे तर मूळ टिफ), आणि तो विभाग उद्या बंद झाला तर कागद कुणाकडे जातील. शेवटचं कलम वाचून समोरचे हसतात. हसू द्या. २०१८ मध्ये रिओ दि जानेरोचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं तेव्हा आज कुणीही बोलत नाही अशा मूलनिवासी भाषांची ध्वनिमुद्रणं त्यात गेली. २०२१ मध्ये केप टाउन विद्यापीठाच्या जॅगर वाचनकक्षाला आग लागून आफ्रिकाविषयक संग्रहाचा मोठा भाग गेला. मोठी नावं, जाडजूड भिंती, तरीही.

प्रश्न : ताई, आमच्याकडे कॅसेटही आहेत आणि कागदही. आधी काय?

कॅसेट. चांगल्या कागदाला कोरडी, काळोखी जागा दिली तर तो तुमच्या नातवंडांपर्यंत टिकतो. चुंबकीय फितीला तेवढं आयुष्य नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी अभिलेखागाराने २०१५ मध्येच इशारा दिला होता की फितींवरचं जे काही २०२५ पर्यंत डिजिटल होणार नाही ते बहुतांशी गेलंच समजा. ते वर्ष आलं आणि गेलंही. अडचण फक्त फितीची नाही; ती वाजवणारी यंत्रं, त्यांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारे लोक संपत चालले आहेत.

आज संध्याकाळीच एक काम करा. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन छोट्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, त्या मोडून टाका, म्हणजे चुकून कुणी तिच्यावर दुसरं काही मुद्रित करणार नाही. आवाज ऐकायची उत्सुकता आवरा. घरातल्या जुन्या प्लेअरमध्ये फीत गुंतली की संपलं. वेळेचा हिशेब सोपा पण कठोर आहे: नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटं लागतात, घाई चालत नाही. दोनशे कॅसेट म्हणजे तीनशे तास, वर्णन लिहिण्याचा वेळ वेगळा. अर्जात हा आकडा खरा लिहा. अमेरिकेत ध्वनी-चित्रफितींसाठी ‘रेकॉर्डिंग्ज ॲट रिस्क’ नावाचं वेगळं अनुदान २०१७ पासून दिलं जात आलं आहे, १०,००० ते ५०,००० डॉलरचं. चित्रपटाची फीत असेल आणि डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ती कुजायला लागली आहे. तो डबा बाकीच्यांपासून वेगळा, थंड जागी ठेवा आणि यादीत सर्वांत वर घ्या.

प्रश्न : ज्या सरकारांनी आणि धनिकांनी आम्हाला इतिहासातून पुसलं, त्यांच्याच दारात झोळी घेऊन जायचं? तुम्हाला हे अपमानास्पद वाटत नाही?

तुमचं पत्र लांब होतं, एवढंच छापते. रागावलेलं आहे आणि रास्त आहे.

न्यूयॉर्कमध्ये १९७४ मध्ये काही स्त्रियांनी ‘लेस्बियन हर्स्टरी आर्काइव्ह्ज’ सुरू केलं. पहिली कित्येक वर्षं ते त्यांच्यातल्याच जोन नेसल यांच्या राहत्या घरात होतं. सरकारी पैसा घ्यायचा नाही असं त्यांनी ठरवलं, कारण उद्या सरकार म्हणेल, हे ठेवा आणि ते काढा. लहान-लहान देणग्या गोळा करत त्यांनी ब्रुकलिनमध्ये स्वतःची इमारत घेतली आणि १९९३ मध्ये तिथे गेल्या. आजही ते स्वयंसेवकांवर चालतं. या वाटेने जाता येतं, याचा हा पुरावा. त्याची किंमतही मोजावी लागते: वीस वर्षं कुणाच्या तरी घरात खोके, आणि आयुष्यं वाहून देणाऱ्या बायका. सगळ्या समाजांकडे तेवढी मोकळी आयुष्यं नसतात.

दुसरी बाजू एप्रिल २०२५ मध्ये दिसली. अमेरिकेच्या ‘नॅशनल एंडाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज’ने, १९६५ पासून चालत आलेल्या संस्थेने, आधीच मंजूर केलेली हजाराहून जास्त अनुदानं एकदम रद्द केली. कामं अर्ध्यात होती, माणसं नेमलेली होती. मेलन फाउंडेशनने राज्यांच्या मानव्यविद्या परिषदांसाठी दीड कोटी डॉलरची तातडीची मदत जाहीर केली, पण त्याने सगळं भरून येणं शक्यच नव्हतं.

माझं मत विचाराल तर पैसा घ्या. शॉम्बर्गचा संग्रह कार्नेगींच्या पोलादाच्या कारखान्यांतून आलेल्या पैशाने विकत घेतला गेला आणि त्यामुळे त्याचं तेज कमी झालं नाही. पण दार रोज उघडणाऱ्या माणसाचा पगार, जागेचं भाडं आणि डिस्कचा खर्च हे तीन खर्च अनुदानावर टाकू नका. ते वर्गणीतून, कितीही ओढाताण झाली तरी. अनुदानातून एका वेळचं काम करा: यादी, मुलाखती, कॅसेट उतरवणं. आणि कामाचे टप्पे असे पाडा की मधेच पैसा थांबला तरी तोवर झालेला भाग वापरता येईल. आधी सगळं स्कॅन आणि शेवटच्या सहा महिन्यांत सगळ्यांचं वर्णन, अशी मांडणी केलेल्या प्रकल्पांचं २०२५ मध्ये काय झालं असेल त्याची कल्पना करा. हजारो फायली, नाव नसलेल्या. रोज पन्नास पानं स्कॅन आणि त्याच पन्नासांचं वर्णन, हा क्रम कंटाळवाणा आहे पण तोच ठेवा.

प्रश्न : आजीच्या पेटीत तिच्या मैत्रिणींची पत्रं आहेत. त्यांत घरातली मारहाण, गर्भपात, पळून जाणं असं सगळं आहे. अनुदानाची अट आहे की सर्व साहित्य ऑनलाइन सर्वांसाठी खुलं हवं. मग अर्ज करूच नये का?

करा, आणि ही अडचण लपवू नका. खुलेपणाची अट बहुतेक ठिकाणी असते आणि बहुतेक ठिकाणी तिला अपवादही असतात, मात्र ते कारणांसह आधी मागावे लागतात. काम संपल्यावर ‘हे दाखवता येणार नाही’ म्हटलंत तर भांडण.

ऑस्ट्रेलियाच्या टेनंट क्रीक भागातल्या वारुमुंगू या मूलनिवासी लोकांच्या गरजेतून ‘मुकुर्तू’ नावाची संगणकप्रणाली तयार झाली, आज ती कुणालाही मोफत वापरता येते. वारुमुंगूंमध्ये मृत व्यक्तीचा फोटो कुणी बघायचा, विधी कुणी पाहायचे, कुठली गोष्ट फक्त स्त्रियांची, याचे नियम आहेत. ते नियमच प्रणालीत घातले, म्हणजे एकच संग्रह वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळा उघडतो. तुमच्या पत्रांना तसंच करता येईल. पत्राचा कालखंड आणि विषय यादीत सर्वांना दिसू दे. मजकूर मात्र लिहिणाऱ्या बाईच्या घरच्यांशी बोलून, किंवा ठरावीक वर्षं बंद ठेवून. ज्या अजून हयात आहेत त्यांना स्वतः जाऊन विचारा, आणि ‘नाही’ म्हणाल्या तर ते पत्र परत द्या, प्रतही ठेवू नका. यावर माझे काही सहकारी चिडतात, इतिहासाचं नुकसान होतं म्हणतात. होतं. पण त्या बाईने ते पत्र तुमच्या आजीला लिहिलं होतं, इतिहासाला नव्हे.

प्रश्न : नकाराचं दोन ओळींचं पत्र आलं. आता?

परीक्षकांचे शेरे मागवा. मागितल्याशिवाय ते पुष्कळदा मिळत नाहीत, आणि मागणारे थोडे असतात. शेरे वाचताना स्वभावाने रागच येतो, म्हणून आधी संस्थेबाहेरच्या कुणाला तरी वाचायला द्या. ‘व्याप्ती स्पष्ट नाही’ असं असेल तर यादी करायला बसा: किती पेट्या, किती वह्या, किती फोटो, किती कॅसेट, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत. ‘महत्त्व पटलं नाही’ असं असेल तर एक पान निवडा आणि ते पूर्ण उलगडून सांगा. ‘टिकाऊपणाची योजना नाही’ असं असेल तर डिस्कच्या तीन प्रती कुठे आणि कोण ठेवणार ते नावानिशी लिहा. पुढच्या फेरीत मोठ्या रकमेऐवजी नियोजनाचं लहान अनुदान मागितलंत तरी कमीपणा नाही. आणि अर्जाची अंतिम तारीख कॅलेंडरवर लिहाल तेव्हा तिच्या आधी सहा आठवडे शिफारसपत्रं मागायची तारीखही लिहा. शिफारस करणारे प्राध्यापक आदल्या रात्री फोन उचलत नाहीत.